पाच पोती बेण्याचा माग

हळदीच्या बेण्याचं ते प्रकरण आठवलं की मला आजही हसू येतं, आणि हसता हसता कान गरम होतात. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण माझी मान खाली घालायला लावली ती पाच पोत्यांनी.

मी सातवी पास. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार होऊन बाहेर पडलो. मधली एकही पायरी वशिल्याने चढलो नाही, हे आधीच लिहून ठेवतो. नावं कोणाचीच सांगणार नाही. गाव वसमतजवळच्या कुरुंद्याच्या अंगाला, हळदीचं, एवढं पुरे.

उन्हाळा लागला होता. सकाळची हजेरी संपली आणि एक शेतकरी ठाण्यात आला. वसमतच्या बाजारात हळद विकून दोन दिवसांनी परतला, तर वावरातलं पाच पोती बेणं गायब. ज्यांना हळद माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बेणं म्हणजे पुढच्या लागवडीसाठी राखलेले गड्डे. ते गेलं की पुढचं वर्ष गेलं. माणूस रडकुंडीला आला होता, आणि त्यात त्याचं खोटं काही नव्हतं.

चोर कोण, हे तो घरूनच ठरवून आला होता. गावाबाहेरच्या वस्तीत राहणारा एक पारधी त्याचा राखणदार. अर्जात त्याने त्या पारध्याचं, त्याच्या बायकोचं आणि लेकीचं, तिघांचंही नाव घातलं. मी विचारलं, एवढा भरवसा नव्हता तर राखणीला ठेवलं काहून? तर म्हणाला, "साहेब, चोरच राखणीला ठेवला की दुसरा चोर येत न्हाई."

आज हे वाक्य लिहिताना हात थांबतो. त्या दिवशी मी नुसती मान डोलावली.

आमच्या ठाण्यात एक जुनी वही होती. त्यात त्या वस्तीची नावं. चोरी कुठेही होवो, आधी वही, मग वस्ती, आणि वेळ उरला तर चोर, असा आमचा रिवाज. इंग्रजांच्या काळात कायद्यानेच काही जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा कधीच गेला. वही मात्र राहिली. एक हवालदार बदलून जाताना दुसऱ्याच्या हाती ती द्यायचा, आणि दुसरा तिच्यात नवीन जन्मलेली नावं घालायचा. त्यातली काही मी घातली आहेत. अक्षर माझं आहे, नाकारणार कसा?

दुपारी राखणदार ठाण्यात आला. बोलवायला जीप पाठवली होती, पण हा त्याआधीच पायी निघालेला. सोबत लेक. चांगली उंच, ताठ. तिचं नाव ऐकलं आणि मी टेबलावरचे कागद चाळले. सकाळपासून तिचाच एक कागद तिथे पडून होता. पोरगी पोलीस भरतीत निवडली गेली होती, आणि चारित्र्य पडताळणीचा अहवाल दुसऱ्या दिवशी जिल्ह्याला जायचा होता. शेरा मीच लिहायचा. म्हणजे एकाच टेबलावर एकाच पोरीचे दोन कागद. एकावर ती चोर, दुसऱ्यावर शिपाई. गुन्हा दाखल झाला असता तर तिची नोकरी त्याच टेबलावर संपली असती.

मी राखणदाराला दरडावून विचारलं. तो शांतपणे सांगत गेला. त्याची राखण रात्रीची. दिवसा वावरात तो नसतो. संध्याकाळी आला तेव्हा बेणं जागेवर नव्हतं. मालकानं हलवलं असेल असं त्याला वाटलं.

"मग कुणाला सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं असतं तर तुमी इचारलं असतं, तुला कसं ठाव?"

उत्तर नसलं की मी आवाज चढवायचो, तसा चढवला. तेव्हा पोरगी म्हणाली, "साहेब, वावर बघितलं का तुमी?"

मी पाहिलं नव्हतं. वीस वर्षांहून जास्त नोकरी, आणि घटनास्थळ न बघता मी आरोपी बसवून घेतला होता. एका पोरीने ते दाखवावं, याचा मला भलताच राग आला. त्या रागातच बाप-लेकीला घेऊन जीप काढली. तिला खोटं पाडायलाच निघालो होतो, खरं सांगतो.

वावरात शेतकरी वाट बघतच होता. राखणदार खाली बसला. पाटाच्या ओलीत बैलगाडीची चाकोरी होती. त्याने बोट टेकवलं आणि तो हसला. म्हणाला, गाडी चिंचेकडं भरून गेली, रिकामी आली. जाताना चाक खोल, येताना वरवर. असं चार वेळा. मग शेतकऱ्याकडे वळला. "मालक, डाव्या अंगाच्या ह्या बैलाचा मागचा खूर फाकलाय. असा बैल गावात कुणाचा हाय?"

शेतकऱ्याने मागे वळून पाहिलं. त्याचाच बैल गोठ्यात उभा राहून रवंथ करत होता.

चिंचेखाली हळदीच्या वाळल्या पाल्याचा ढीग होता. त्याच्या शेजारून शेतकरी सकाळपासून दहादा गेला असेल. राखणदाराने पाला बाजूला केला. खाली थंडगार सावलीत गड्डे नीट रचलेले, आणि बाजूला पाच रिकामी पोती घडी घालून ठेवलेली. चोर पोत्याची घडी घालतो, हे मी तरी ऐकलेलं नाही.

पोत्यांची ती घडी शेतकऱ्याने ओळखली, बापाची होती. बाजाराला निघतानाच म्हाताऱ्याचं आणि त्याचं वाजलं होतं, आणि तो परतायच्या आत बाप रुसून डोंगरकडा गावाला लेकीकडे गेला होता. बहिणीला फोन लावला. म्हाताऱ्याचा आवाज असा, की शेजारच्या वावरातली माणसं बांधावर आली.

"उन्हात बेणं टाकून बाजाराला पळतो व्हय रे? दिवसभर एकट्यानं टोपल्या भरभरून गाडीनं चार खेपा केल्या म्या. कंबर धरली माझी. आन् आता पोलीस? दे त्यांच्याकडं फोन. मला येऊन धरा म्हणाव, माझंच बेणं म्या चोरलं."

आधी राखणदार हसला, मग पोरगी, मग बांधावरचे सगळे. शेवटी तो शेतकरीसुद्धा डोळे पुसत हसायला लागला. मी टोपी काढून वारा घेत होतो. हसू आवरेना आणि वर्दीत शोभेना.

जाताना मी कौतुकाने राखणदाराला म्हणालो, "माग काढणं तुमच्या रक्तातच आहे."

तो म्हणाला, "रक्तात काय असतंय साहेब? बापानं तितराच्या मागं उपाशीपोटी पळवलं, तवा आलं. तुमच्या लेकराला पळवा, त्याला बी येईल."

आणि पोरगी खाली बघत पण स्पष्ट बोलली, "चांगलं रक्तात धरलं की वाईट बी धरता तुमी. दोन्ही सोडा."

ठाण्यात परतल्यावर मी बाप-लेकीला पहिल्यांदा 'बसा' म्हणालो. चहा मागवला. शेतकऱ्याने अर्ज मागे घेत असल्याचं लिहून दिलं, आणि मी तिच्या कागदावर शेरा लिहिला, वर्तणूक चांगली. जन्मात इतक्या ठळक अक्षरात काही लिहिलं नव्हतं. मग ती जुनी वही ठाण्याच्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. म्हणालो, ही मी पुढच्याच्या हातात देणार नाही, काय कारवाई करायची ती करा. साहेब वयाने लहान पण समजदार. वही कपाटात कुलूपबंद झाली. माझ्यानंतर ती कोणी उघडली असेल तर मला माहीत नाही, पण माझ्या हाताने तिच्यात पुन्हा नाव पडलं नाही.

ते प्रकरण मला एवढंच शिकवून गेलं. माणसाची जात चोर नसते, चोराची जात ही माणसांनी वहीत लिहून तयार केलेली असते. लिहिलेलं खोडताही येतं. फक्त ज्याचं अक्षर आहे त्याला लाज वाटायला हवी.

मागच्या महिन्यात वसमतच्या चौकात एका महिला पोलिसाने हात करून माझी मोटारसायकल थांबवली. तीच. दंडावर फीत वाढलेली. हेल्मेट कुठाय म्हणाली.

मी छाती काढून विचारलं, "ओळखलं न्हाई का मला?"

"ओळखलं की काका. म्हणूनच सांगते, घरी जाऊन घेऊन या."

आयुष्यात मी कोणाच्या सांगण्यावरून माघारी वळलो नाही. त्या दिवशी वळलो. घरी पोचेपर्यंत एकटाच हसत होतो, आणि हेल्मेट घालून मुद्दाम त्याच चौकातून परत गेलो.