किपर कुठे उभा होता

देशाच्या संघातून एका फास्ट बॉलरचं नाव गेल्याची बातमी माझ्या दुकानात दुपारच्या चहाबरोबरच आली. पेठ रोडला माझं ठिबकच्या नळ्या आणि पंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं, पण दोन माणसं ठरलेली असतात. एक भाजीचा टेम्पो चालवणारा शेजारी आणि दुसरा माझा शाळेपासूनचा मित्र. मित्राची गावाबाहेर झेंडूची आणि फ्लॉवरची शेती आहे. सकाळी मार्केट यार्डात माल टाकून, जेवून तो येतो आणि दारातल्या पालथ्या कॅरेटवर बसतो. खुर्ची दिली तरी बसत नाही.

"राजकारण, दुसरं काय?" टेम्पोवाला म्हणाला. "वर कुणी नाय त्याचं. अशा माणसाला काढायला किती वेळ लागतो?"

मला ते पटलं नाही. मी म्हणालो, त्याला पिळून घेतलं. लागोपाठ सामने खेळवले, विश्रांती दिली नाही, अंग दुखायला लागल्यावर बाजूला सारलं. मला अशा गोष्टींचा भारी राग येतो. आवाज चढतो, चहा सांडतो, निवड समिती समोरच बसली आहे असं समजून मी गल्ल्यावर मूठ आपटतो. "काढा, पण त्या माणसाला खरं कारण तरी सांगा," असं मी त्या दिवशी तीनदा तरी म्हणालो असेन.

मित्र नेहमीसारखा शांत होता. "स्पीड गेला त्याचा," तो म्हणाला. "बाकी कायबी नाय. स्पीड गेला की फास्ट बॉलर संपला."

"कशावरून गेला?" मी खेकसलो. "मशीनवरचे आकडे बघ की."

"मशीनचं काय घेऊन बसला? किपर बघ ना. आधी कुठं उभा राहायचा, आता कुठं राहतो." मग त्याने कप खाली ठेवला. "बिचाऱ्याला तोंडावर कुणी सांगितलं नसंल. माझं नशीब चांगलं, मला तू होतास. तू खरं सांगितलं आन् मी सोडून दिलं. लय त्रास झाला, पण खोटी आशा तर नाय राहिली."

टेम्पोवाल्याने मान डोलावली. मी उठलो आणि नळीचं एक बंडल या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. ते तिथून हलवायची काही गरज नव्हती.

दहा वर्षांपूर्वी आमच्या गावाची लेदर बॉलची टीम होती. सगळे भाजीवाले आणि फुलवाले. मॅच रविवारी असली तरी आधी माल तोडायचा, बाजारात पोचवायचा आणि मगच मैदानावर यायचं. मी कॅप्टन आणि किपर. तो आमचा एकुलता एक खरा फास्ट बॉलर. वेग मोजायचं मशीन आमच्याकडे कुठलं? आमच्याकडे वेग मोजायचा तो किपरच्या पावलांनी. साध्या बॉलरला मी स्टंपच्या मागे आठ-दहा पावलांवर उभा राहायचो. त्याला अठरा. कुणाचा बॉल जास्त जोरात येतो यावरून पारावर वाद झाला तर मला बोलावणं यायचं, आणि मी सांगेन ते सगळे निमूट मानायचे. तोही रनअपच्या खुणेवरून वळला की आधी माझ्याकडे बघायचा. मी कुठे उभा आहे ते बघून झालं की मग बॅट्समनकडे.

मग त्याची पाठ धरली. फुलांचं कॅरेट उचलतानाही कळ यायची, तरी कमरेला पट्टा बांधून तो बॉलिंग टाकायचा. काही महिने थांब, असं मी सांगून पाहिलं. तो हसला. "पाठीचं काय येवढं? ज्या दिवशी तू पुढं सरकशील ना कॅप्टन, त्या दिवशी बॉल खाली ठेवीन."

त्यानंतर आठवडाभराने त्याची बायको माझ्या दुकानात आली. पिशवीत त्याच्या पाठीचे फोटो होते. मणक्यातली गादी सरकली होती. असंच टाकत राहिला तर एक पाय कामातून जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. यावर डॉक्टरांना क्रिकेट कळत नाही, एवढंच मित्राचं म्हणणं होतं.

"भाऊजी, माझं नाय ऐकत ते. तुमचं ऐकतील," वहिनी म्हणाल्या. "पण मी आले होते ते सांगू नका. बायकोमुळं खेळ सुटला असं मनात राहिलं तर जन्मभर टोचत राहील."

मी दोन दिवस विचार केला. पाठीचं कारण तो मानणार नव्हता. तो एकच कारण मानणार होता आणि ते त्याने आपल्या तोंडानेच मला सांगून ठेवलं होतं.

पुढच्या रविवारी मी बारा पावलांवर उभा राहिलो.

तो खुणेवरून वळला, त्याने माझ्याकडे बघितलं आणि थांबला. मी ग्लोव्हज एकमेकांवर आपटले. "चल, टाक!" पहिला बॉल आला तेव्हा तळहात पेटलाच. बॉल नेहमीसारखाच येत होता, कदाचित रागाने जरा जास्तच जोरात. चौथा बॉल टप्पा पडून उसळला आणि माझ्या उजव्या करंगळीवर बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. तरी मी काहीच झालं नाही असं दाखवून हसत बॉल परत फेकला. उरलेले दोन बॉल कसे अडवले ते माझं मला माहीत.

ओव्हर संपल्यावर तो माझ्याजवळ आला. "कमी झालाय का रे?"

मी ग्लोव्हजकडे बघत म्हणालो, "हो. बराच."

त्याने बॉल दुसऱ्याच्या हातात दिला. आयुष्यात परत टाकला नाही. माझं बोट मोडलं होतं. टेम्पोच्या फाळक्यात सापडलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते अजून वाकडंच आहे.

पुढे दोन वर्षं तो रविवारी यायचा आणि झाडाखाली बसून स्कोअर लिहायचा. त्याचं अक्षर चांगलं आहे. नंतर टीमच मोडली. त्याची पाठ मात्र सुधारली. आज तो दिवसभर वाफ्यात वाकून काम करतो आणि दोन्ही पायांवर सरळ चालतो. मी इतकी वर्षं त्या पायांकडे बघून स्वतःची समजूत घालत आलो होतो. पण तोंडावर खरं सांगणारा म्हणून त्याने माझंच नाव घेतलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या समितीच्या नावाने मी गल्ला बडवत होतो, तसलीच एक समिती मी होतो. कारण मीही खोटंच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्याच्या मळ्यात गेलो. झेंडूची तोडणी चालली होती. तो लांबच्या टोकाला होता, म्हणून आधी वहिनींपाशी थांबलो. "वहिनी, सांगून टाकू का आता?"

कशाबद्दल ते त्यांना विचारावं लागलं नाही. त्या कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या. "सांगा भाऊजी. टीव्हीवर मॅच लागली का पहिल्या ओव्हरला ते उठून बाहेर जातात. पाणी पिऊन येतो म्हणतात. दहा वर्षं बघतेय मी. मलाबी नाय सोसत आता."

मी बांधावरून त्याच्याकडे गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. वहिनींची पिशवी, डॉक्टर, बारा पावलं. सांगताना माझा आवाज एकदाही चढला नाही. तो फुलं तोडत राहिला. मग हात थांबले. मला वाटलं, आता हा मला बांधावरून ढकलून देणार, आणि त्याने तसं केलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती.

"दहा वर्षं," तो म्हणाला. "दहा वर्षं मला वाटतंय का माझा स्पीडच संपला."

मी उजवा हात पुढे केला. त्याने करंगळी धरली, इकडून तिकडून वळवून पाहिली, वाकड्या जागेवर अंगठा दाबला. त्याच्या हाताला झेंडूचा वास होता.

"फाळका नव्हता?"

"नव्हता. चौथा बॉल."

"म्हंजे बॉल येत होता."

"येत होता रे. शेवटपर्यंत येत होता."

तो वळला आणि पार तिकडच्या टोकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडला, "ऐकलं का गं? बोट मोडलंय याचं!"

वहिनींनी मान खाली घातली आणि पदर डोळ्यांना लावला. त्याने एक रिकामं कॅरेट उभं करून बांधावर ठेवलं. "हे स्टंप. दाखव, खरं कुठं उभं राहायला पायजे होतं तू."

मी कॅरेटपासून मोजत मागे गेलो. दहा, बारा, पंधरा, अठरा. तिथे वळून उभा राहिलो. तो कॅरेटपाशी उभा होता. तिथून तो माझ्याकडे बघत होता आणि आमच्यामधल्या त्या बांधाकडेही. देशाच्या संघातल्या त्या बॉलरला का काढलं, हे आम्हाला आजही माहीत नाही.

"आन् त्या दिवशी तू बारावर उभा होतास?" तो तिथूनच ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. "माझ्यापुढं? येडा हाय का तू? डोक्यात बसला असता ना!"