पोळपाट कसा वळतो, ते मी लिहिणार नाही

दादाचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "शैला गेली रे," एवढंच तो म्हणाला... आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की वकीलबाईंची वेळ घ्यायची राहिली. दुःख त्याच्यामागून आलं, पुरतं आलं, पण दुसरं आलं. या गोष्टीला आता दीड महिना होत आला, तरी तो क्रम काही मनातून जात नाही.

शैलावहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. हडपसरच्या एका कारखान्यात ती यंत्रांची ड्रॉइंग्ज काढायची. येरवड्याच्या त्यांच्या दोन खोल्यांत आमची आईही असायची. अर्धांगवायूने आईचा उजवा हात गेला, आणि बाकी कशाहीपेक्षा पोळ्या लाटता येत नाहीत याचंच तिला जास्त लागलं. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून ती वहिनीच्या पोळ्यांना नावं ठेवायची. "कडा जाड राहतात तुझ्या." महिनाभर ऐकून घेतल्यावर वहिनी म्हणाली, "मग तुम्हीच लाटा," आणि खरोखरच कामाला लागली. जुन्या शिलाई मशीनचे भाग, भंगारातले तुकडे असं काय काय जमवून तिने एका हाताने लाटता येईल असा पोळपाट केला. लाटणं एका टोकाला अडकवलेलं, आणि लाटता लाटता पोळपाट आपणहून थोडा थोडा वळायचा. आईने डाव्या हाताने पहिली पोळी लाटली तेव्हा मी तिथेच होतो. आईच्या डोळ्यांना धार लागली होती. वहिनीने पोळी उचलून उजेडाकडे धरली आणि म्हणाली, "कडा जाड आहेत."

याचं पेटंट घ्या, असं तिला कारखान्यातल्या एका साहेबांनी सुचवलं आणि ते तिच्या मनाने घेतलं. "आयुष्यभर दुसऱ्यांची यंत्रं काढली, भावोजी. एकावर तरी माझं नाव असू दे," असं ती म्हणाली. वकील शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी पुरवण्यांतून लिहितो म्हणजे माझ्या सगळीकडे ओळखी आहेत, असा घरात समज होता. मुंबईला पुष्कळ वकील होते. पण आईला एकटं टाकून वहिनीला तिकडे खेपा घालता येणार नव्हत्या, तेव्हा माणूस पुण्यातलाच हवा होता. मी आमच्या घरच्या वकिलांकडे गेलो. शिवाजीनगर कोर्टाजवळ त्यांचं टेबल असायचं. ते म्हणाले, "पेटंट? भाडेकरू काढायचा असेल तर बोला." दुसऱ्या एकांनी पोळपाट हा शब्द ऐकूनच चहा मागवला आणि विषय बदलला. त्यानंतर मी शोधणं सैल सोडलं... खरं सांगायचं तर मला त्याहून सोपा उपाय सुचला होता.

मी या पोळपाटावर लेख लिहिला, याच पुरवणीत. मला वाटलं, एकदा छापून आलं की काम झालंच. पेपरात तिचं नाव आहे, तारीख आहे, उद्या कोण नाकारणार? कुठलं चाक कशात अडकतं, स्प्रिंग कुठे बसते, सगळं इतकं सोपं करून लिहिलं की शाळकरी पोरालाही पोळपाट बनवता यावा. वहिनीने लेखाचं कात्रण फ्रेम करून घेतलं. तिला इतकं खूश झालेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं होतं.

मग कर्वे रस्त्यावर एक वकीलबाई मिळाल्या, नेमकं हेच काम करणाऱ्या. आम्ही दोघं गेलो. मी मोठ्या ऐटीत कात्रण पुढे केलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं.

"हे कुणी लिहिलंय?"

"मी," मी म्हणालो.

"छान लिहिलंय. सगळं कळलं. आता पेटंट मिळणार नाही."

अर्ज करण्याआधी शोध जगासमोर मांडला की कायद्याच्या लेखी तो नवा उरत नाही, हे त्यांनी समजावून सांगितलं. नुसतं कौतुक केलं असतंत तर चाललं असतं, असंही म्हणाल्या. परतताना रिक्षा बंडगार्डनच्या पुलावर आली. वहिनी बाहेर बघत म्हणाली, "तुमचं लिखाण डोक्यावरून जातं असं मी नेहमी म्हणायचे ना? शब्द मागे घेते." त्यानंतर तिने हा विषय काढला नाही. मला मात्र तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढे वर्षभरात तसलाच एक प्लास्टिकचा पोळपाट दुकानांत आला. मी तो पाहिला आणि येरवड्याला जाणं कमी केलं.

आई गेली. वहिनी निवृत्त झाली आणि पुन्हा पोळपाट घेऊन बसली. या वेळी आतली सगळी रचनाच वेगळी. "यात खरंच नवं काही असेल तर या, असं बाई म्हणाल्या होत्या," तिने मला फोनवर सांगितलं. "वेळ घ्या त्यांची. तुम्ही बरोबर चला." मी पुढच्या आठवड्यात म्हणालो. मग दिवाळीनंतर म्हणालो. मला त्या खुर्चीत, त्या बाईंसमोर पुन्हा बसायची लाज वाटत होती, दुसरं काही नव्हतं. तेवढ्यात तिचं दुखणं निघालं आणि सगळं दवाखान्यावर आलं. शेवटच्या भेटीत तिने डोळे मिटूनच विचारलं, "माझ्यावर लिहाल ना?" मी मान हलवली, पण ती बघत नव्हती, म्हणून हो म्हणालो. "लिहा. पण या वेळी जरा कमी कळेल असं लिहा..." मला हसू आलं नाही. तिला आलं.

परवा मी एकटा त्या वकीलबाईंकडे जाऊन आलो. वारसाला अर्ज करता येतो, आणि शोध लावणारी म्हणून नाव वहिनीचंच लागेल, असं त्या म्हणाल्या. सोमवारी दादाला घेऊन जायचं आहे. काल येरवड्याला गेलो तर दादा ओट्याशी उभा राहून वहिनीच्या त्या नव्या पोळपाटावर पोळी लाटत होता. बायको गेल्यावर शिकला. या लेखाचा पहिला खर्डा वाचून संपादकांनी फोन केला होता. बाकी ठीक आहे, पण पोळपाट वळतो कसा ते वाचकांना नीट उलगडून सांगा ना, म्हणाले.

वळतो, एवढंच सांगतो. आणि कडा आता जाड राहत नाहीत.