पुढची पाळी बाळारामची

देवावर माझा विश्वास आहे की नाही, हे त्या दुपारपर्यंत मला नीट सांगता आलं नसतं. घरातली भक्ती सगळी माझ्या पत्नीची. पारायणाला ती बसायची, आणि सप्ताहात वीणेच्या पहाऱ्याला माझं नावही तीच परस्पर देऊन यायची. ती गेल्यापासून मी मुरबाडच्या शाळेत शिकवून घरी आलो की पुस्तक उघडून बसायचो. माझा शोक असा चालला होता. त्याच घरात सोळा वर्षांचा ओंकारही आईसाठी झुरत होता. ते मला दिसायचं, आणि मी पान उलटायचो.

माघात शेतं मोकळी झाली की आमच्या किन्हवलीच्या बाजूला गावोगाव टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. त्या रविवारी ओंकार लवकर परत आला, मोरीत बराच वेळ हात धूत राहिला आणि म्हणाला, "बाबा, मी जेवत नाही." मी मान वर न करता "बरं" म्हणालो. थोड्या वेळानं रस्त्यावर आरडाओरडा झाला तेव्हा उठलो. रनआउटवरून भांडण होऊन कोणीतरी निखिलच्या डोक्यात स्टंप घातला होता. निखिल म्हणजे खर्डी स्टेशनवर रिक्षा चालवणाऱ्या आमच्या गावच्या बाळारामचा मुलगा. त्याला शहापूरला नेलं होतं, आणि तिथून तसंच ठाण्याला न्यायचं चाललं होतं. शुद्ध नव्हती.

मी आत वळलो. ओंकार भिंतीला टेकून बसला होता. "मीच मारलं, बाबा," एवढंच बोलला.

संध्याकाळी माझा मेहुणा शाम गाडी घेऊन आला आणि भाच्याला मुरबाडला आपल्या घरी घेऊन गेला. जाताना मला अंगणात थांबवून म्हणाला, "चौघापाच जणांच्या हातात स्टंप होते, भाऊजी. पोलिसांकडं त्या वाडीतल्या संतोषचं नाव गेलंय. जाऊ दे ना. तुमी फक्त गप राहा. तेवढं तर जमतं तुमाला."

ते मला खरंच जमलं. संतोषचे आईवडील वीटभट्टीवर गेलेले, पोर आजीपाशी. त्याला पोलिसांनी पुन्हा पुन्हा बोलावल्याचं कानावर येत होतं. त्याची आजी झाडाखाली बसून असायची, तिच्यासमोरून मी एसटीला जायचो. मुलाला वाचवणं हेच बापाचं काम, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. पण पुस्तकातली एक ओळही डोक्यात शिरत नव्हती.

अशातच सप्ताह बसला. पहाऱ्याची व्यवस्था बघणारे किसनबुवा दारात आले. "सर, उद्या दुपारची पाळी तुमची लावलीय. वहिनी होत्या तवापासून चालत आलंय. तुमचं मन नसंल तर तसं सांगा. पण वीणा काय खाली ठेवायची नाय आमाला."

नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही, म्हणून मी गेलो.

ज्यांना ही रीत ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सप्ताहभर वीणा अखंड उभी असते. एकानं ती गळ्यात घ्यायची, तार छेडत नाम घेत उभं राहायचं, आणि पाळी संपली की पुढच्याच्या गळ्यात द्यायची. देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. मध्ये ती जमिनीला टेकू द्यायची नाही.

मी वीणा घेऊन उभा असताना माझ्या मागे खांबाला टेकून दोघं बसले होते. "पुस्तकं वाचून पोरं सुधरत नाय रे," एक म्हणाला.

"हळू बोल, ऐकतोय तो."

"ऐकू दे. दोनी हात गुंतलेत त्याचं."

थोड्या वेळानं तेही जेवायला उठून गेले. गाभाऱ्यात विठ्ठल-रखुमाई, दारात मी आणि कोपऱ्यात पेंगणारे किसनबुवा. माझी पाळी संपली तरी कोणी आलं नाही. बुवांना जाग आली, त्यांनी भिंतीवरच्या फळ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा! पुढची पाळी बाळारामची. तो तिकडं पोरापाशी, आणि बदली माणूस लावायचं माझ्या ध्यानातच नाय रायलं. मीच धरली असती, पण हे गुडघं! थांबा सर, कोणाला तरी बघतो." ते लंगडत बाहेर पडले. निम्मं गाव लग्नाला गेलेलं होतं.

मी उभा राहिलो. जिथे बाळारामनं उभं राहायचं ती जागा माझ्या मुलानं रिकामी केली होती, आणि ती भरायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. पाय भरून आले, खांदा अवघडला. आयुष्यात देवाकडे मी काही मागितलं नव्हतं. पत्नीच्या आजारपणातही नाही. तेव्हा मी डॉक्टरांचे कागद वाचत होतो. त्या दुपारी मागितलं. निखिलला वाचव, एवढंच. ओंकारला सोडव, असं मागायचं त्या क्षणी सुचलंच नाही, हे मागाहून लक्षात आलं.

बाहेर रिक्षा थांबली. नळावर पाय धुतल्याचा आवाज आला आणि बाळाराम आत आला. अंगावर चुरगळलेला शर्ट, दाढी वाढलेली. माझ्या हातातली तार थांबली. त्यानं रीतीप्रमाणे वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं. दोन्ही हातांत वीणा. मला त्याला अडवताही आलं नाही.

"पोरानं डोळं उघडलं, सर," तो उठत म्हणाला. "पाणी मागितलं. आईला हाक मारली. डागदर बोलला, धोका टळला. मग म्हटलं, आज आपली पाळी हाय, देवाला तोंड दाखवून येऊ."

मी वीणा त्याच्या गळ्यात दिली आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. वर येण्याआधीच माझ्या तोंडून निघालं, "बाळारामदादा, ओंकारनं मारलं. संतोषनं नाही. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

मी मान वर केली. त्यानं दोन्ही मुठींनी वीणेची दांडी आवळून धरली होती.

"माझ्या गळ्यात वीणा हाय म्हणून," तो म्हणाला. "जावा तुमी आता. आणि केस मी मागं घेणार नाय."

"नका घेऊ," मी म्हणालो.

मी पायरी उतरेपर्यंत मागे तार पुन्हा वाजू लागली होती.

त्याच संध्याकाळी मी मुरबाडहून ओंकारला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. वाटेत तो एकदाच बोलला, "बाबा, तुम्ही आत माझ्याबरोबर याल ना?" संतोषच्या आजीकडे मी दुसऱ्या दिवशी गेलो. तिनं मला बसा म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं. ओंकार काही आठवडे निरीक्षणगृहात राहिला. बाल न्याय मंडळासमोर मला बापाची बाजू विचारली, तेव्हा माझ्या घरातल्या गप्प संध्याकाळींविषयी मी काही लपवलं नाही. केस चालू आहे. जो निकाल लागेल तो आम्ही दोघं मिळून घेऊ. संध्याकाळी आता आम्ही एकत्र जेवतो. कधी बोलतो, कधी भांडतो.

निखिल घरी आला, पण त्याचा डावा हात अजून साथ देत नाही. रोज व्यायाम करवून घ्यावा लागतो, आणि बाळाराम दिवसभर रिक्षावर. एक दिवस त्यानंच विचारलं, "तुमचा ओंकार मोकळा असतो का संध्याकाळचा? निखिल त्याचंच नाव काढतोय." मी वकिलांना विचारून ओंकारला घेऊन गेलो. निखिलची आई दारात तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. तो माझ्या पाठीमागे सरकला.

"बापाच्या मागं काय लपतोस रे?" ती म्हणाली. "आत ये. वाट बघतोय तो."

ओंकार एकटा आत गेला. मी अंगणात थांबलो. मुलाला सगळ्यापासून वाचवायचं ओझं इतके दिवस मी एकट्यानं वाहत होतो. ते विठ्ठलानं कधी आणि कसं उतरवून घेतलं, मला कळलंही नाही. आतून निखिलचं ओरडणं ऐकू आलं, "हळू ना रे, दुखतंय!" आणि मग दोघांचं हसणं. मी तिथेच ओट्याला हात जोडले.