भिंतीतलं दार

काकू गेली तेव्हा मी दुकानात गुळाची भेली फोडत होतो. बायको धावत आली, तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं, आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "गोपालशेठकडे कोण सांगेल?" घरचं माणूस गेल्यावर शेजाऱ्याची धास्ती घेणारा आख्ख्या आष्टीत मीच.

काकू म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. तिला मूलबाळ नव्हतं, तिनेच मला वाढवलं. भिण्याचं काम माझ्याकडे आणि न भिण्याचं तिच्याकडे, अशी आमच्यात आपोआप वाटणी झाली होती. आमच्या नि गोपालशेठच्या मागच्या अंगणांच्या मधे एक भिंत, आणि भिंतीत एक दार. त्यातून आमचा कढीपत्ता तिकडे जायचा, त्यांची गरम शेव इकडे यायची. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला शेठचा फरसाणचा कारखाना वाढला आणि कढईपाशी लहान लहान पोरं दिसू लागली. एकदा कढीपत्ता न्यायला आलेल्या पोरीच्या मनगटावर काकूने तेलाचे फोड पाहिले.

"शाळेत काऊन जात नाई वं?"

"शेठ सोडत नाई."

काकू आधी शेठलाच बोलली. तो हसला. "काकू, घरी उपाशी राह्यले असते ते. मी पोट भरून राह्यलो त्याइचं."

त्या दिवसापासून काकूने शेव खाल्ली नाही. मग एक दिवस म्हणाली, "वर्ध्याले चाल, डोळे दाखवायचे हायेत." डोळे ठणठणीत होते. खरं कारण तिने एसटीने आर्वी सोडल्यावर सांगितलं, म्हणजे मला मध्येच उतरून परतता येऊ नये. कामगार कार्यालयातले साहेब काकूची तक्रार लिहून घेत म्हणाले, "नाव गुप्त राहील." आष्टीत कोणाच्या चुलीवर काय शिजलं तेसुद्धा गुप्त राहत नाही, हे त्यांना कोण सांगणार...

पुढचे दिवस मी कसे काढले, मलाच ठाऊक. दुकानातल्या निम्म्या बरण्या शेठच्याच फरसाणाच्या. तो नुसता "काय भाऊ?" म्हणाला तरी मी पुढच्या गिऱ्हाइकाला पावशेर जास्त तोलून द्यायचो. रस्त्यावर जीप वाजली की मी पोत्यांमागे. काकू मात्र शांतपणे तूर निवडत बसलेली.

शेवटी साहेबांची जीप आली, पण तिच्याआधी बातमी आली. मागचं दार वाजलं. दारात गोपालशेठ, घामाघूम, आणि मागे सात-आठ पोरं. "काकू, पोराइले जराक बसू द्या इथं. साहेब लोक गेले का नेतो. शेजारधर्म हाये!"

काकूने त्याच्याकडे पाहिलं, मग पोरांकडे. "येऊ दे."

शेठ गेल्यावर तिने पोरांना पुढच्या ओसरीवर नेलं, ओळीने बसवलं आणि भाकर-वरण वाढायला घेतलं. रस्त्याकडचं दार सताड उघडं.

"काकू, दार लावू?" मी कडीपर्यंत पोचलोही होतो.

"जेवत्या लेकराइवर दार लावतेत का रे? वरण वाढ!"

शेजारून रिकाम्या हाताने निघालेले साहेब आमच्या दारापुढे थबकले. "ही कोणाची मुलं?" मी वरणात डोकं खुपसलं. काकू म्हणाली, "शेजारच्या कारखान्यातले हायेत, साहेब. जेवू द्या, मग विचारा."

शेठवर केस झाली. फोडवाली पोरगी शाळेत जाऊ लागली, पण त्या पोरांपैकी दोघे पुढे आर्वीच्या एका हॉटेलात कपबशा धुताना दिसले. ते काकूला शेवटपर्यंत खुपलं. शेठने आमच्या दुकानाला माल देणं बंद केलं आणि त्याच्या बाजूने ते दार विटांनी बुजवलं. आमच्या बाजूची दाराची फळी तशीच राहिली. तिच्या बिजागऱ्यांना काकू नेमाने तेल घालायची, रोज सकाळी दार उघडायची आणि विटांसमोर थोडा वेळ उभी राहायची. मला वाटायचं, म्हातारीला समेटाची आशा आहे.

तिच्या जाण्याची बातमी बायकोनेच शेठकडे दिली. तो आला, तिरडीला खांदा देऊन गेला. त्याला महिना होत आला. परवा तेलाची वाटी घेऊन मी त्या दाराशी गेलो. कडी काढली. फळी आवाज न करता उघडली. पलीकडे कढईत काहीतरी पडून चर्र झालं... आणि माझ्या नकळत मी, काकू रोज उभी राहायची तिथेच, विटांना कान लावला. कोणा लहानग्याचा आवाज येतो का, ते ऐकत.