इंदुताईचा रंग कंचा

"रंग सांग की गं पोरी, रंग! तोंडाला काय कुलूप घातलंय व्हय?"

निघोज्यात सावित्रीबाईच्या चाळीच्या अंगणात उभं राहून इंदुताई वरच्या खिडकीकडं बघत वरडत होती. तोंडाला दोन मास्क, एकावर एक, म्हणून आवाजही दुप्पट. गावातली आशा सेविका ती. लसीपासून बाळंतपणापतोर सगळं तिच्याच गळ्यात, त्यात आता कोरोना.

वर पडदा हालला. पंधरा वर्षांची वर्षाली, लाजून कानापतोर लाल झालेली.

"नारंगी!" एवढं बोलून पडदा बंद.

"बेस!" इंदुताईनं वहीत बरोबरची खूण केली.

रंग कशाचा, ते त्या घराला आणि इंदुताईलाच ठावं. वर्षालीला टीबी. चार महिने रोज सकाळी अनशापोटी गोळ्या चालल्या होत्या, दोन महिने राहिले होते, आणि ऐन नवरात्रात पोरीला कोरोनाही झाला. ताप साधाच, पण संडास-मोरी आत असलेली वरची खोली सावित्रीबाईनं तिला दिली आणि आई-बाप खालच्या खोलीत कोंडले गेले. एरवी इंदुताई पोरीपुढं मांडी घालून बसायची, गोळ्या गिळल्यावर जीभ वर करायला लावायची. आता जवळ जाता येईना. पण त्या गोळ्यांनी लघवी नारंगी होते. गोळी बुडाली की रंग उडतो. म्हणून रोज अकराला ही हाळी. टीबीचं नाव चाळीत घेतलं असतं, तर परभणीहून आलेल्या या बिऱ्हाडाला दुसऱ्या दिवशी खोली शोधावी लागली असती.

घरमालकीण सावित्रीबाईचं गणित वेगळंच. महिला मंडळाच्या ग्रुपवर नवरात्रात रोज त्या दिवसाच्या रंगाच्या साडीत फोटो टाकायचा, आणि कोरोनाच्या भ्यानं पेपर तर बंद केलेला. रंग छापून येतो तो पेपरात. इंदुताई अंगणात रंग विचारतीय म्हणल्यावर बाईला वाटलं, ही सरकारी माणूस, हिला पक्की खबर असणार. लगोलग नारंगी साडी नेसून फोटो गेला. दुसऱ्या दिवशीही नारंगी. ग्रुपवर बाया हसल्या, पण सावित्रीबाई ऐकती व्हय? "आशाताईकडनं आलाय रंग," असं लिहून मोकळी.

तिसऱ्या दिवशी पोरीनं पडदा सगळा उघडला.

"ताई, पिवळा! एकदम साफ! बरी झाले मी!"

"सुटले गं बाई," सावित्रीबाई पिवळी साडी काढायला आत पळाली.

इंदुताईनं वहीत खूण केली नाही. खालच्या खोलीच्या दारासमोर चार हात लांब उभी राहत तिनं दबक्या आवाजात विचारलं, "दिपाली, पोरीच्या गोळ्या कुठायत?"

पोरीच्या आईनं, दिपालीनं, पदर तोंडावर वढला. "माय, ताई, काल-आज नाही दिल्या. कोरोनाच्या येगळ्या, ह्या येगळ्या. पोटात भांडतेत म्हणं. यांच्या कंपनीतले सांगायलेत फोनवर."

मागं तिचा नवरा भिवा फोन हातात घेऊन उभा होता. चाकणला कंपनीत, पत्रे दाबायच्या प्रेसशॉपमध्ये कामाला. चौदा दिवस घरातच बसायचं, म्हणून नुसते सल्ले गोळा करत होता.

"भिवाभाऊ, कंपनीत तुमी दोन मशिनी एकटं चालवता न्हवं?"

"हाव. सगळ्या लाइनीत मी एकटाच."

"मग त्या दोन्ही भांडत्यात का एकमेकीशी?"

इंदुताईनं तिथनंच आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला, आवाज बारीक ठेवून स्पीकर चालू केला.

"दोन्ही चालू ठेवा," पलीकडनं उत्तर आलं. "तिच्या टीबीच्या गोळ्या मनानं बंद करू नका. आता सोडल्या तर चार महिन्यांचं केलेलं पाण्यात जाईल. आजपासून लगेच द्या, आणि काही त्रास झाला तर मला सांगा."

"ऐकलं? आता जेवणाच्या ताटाआधी गोळ्या वर जाऊ द्या. आणि भाऊ, कंपनीतल्या डॉक्टरांना माझा नमस्कार कळवा."

भिवाला हसूही येईना, रागही येईना. दिपालीनं गोळ्यांचा डबा फळीवरनं काढला.

दुसऱ्या दिवशी इंदुताई अकराच्या आधीच हजर. केस पुसत सावित्रीबाईही ओट्यावर येऊन थांबली.

"रंग कंचा गं, वर्षे?"

पडदा हालेना. इंदुताईनं वहीवर पेन टेकवून धरलं. नुसतंच टिंब उमटलं.

"वर्षे!"

"नारंगी!" आतनंच वैतागलेला आवाज आला. "झाली परत नारंगी! आता झोपू द्या."

इंदुताईनं अशी खूण केली की कागद फाटला.

"परत नारंगी?" सावित्रीबाई करवादली. "इंदे, ही कुठली रीत म्हणायची? माझ्याकडं एकच हाय नारंगी, ती बी आत्ताच धुऊन वाळत घातलीया."

"वलीच नेसा, काकू. फोटोत काय कळतंय?"

वही पिशवीत कोंबून, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र काढत इंदुताई शेजारच्या दाराकडं वळली.

"बरकतचाचा, बोट काढा भाईर! आणि आधी ती तंबाखू थुंका."