मामांवरची पाळत

माझे थोरले मामा बसमध्ये तिकीट तपासनीस होते. निवृत्त झाले तरी तपासणी काही सुटली नाही. दूधवाला नुसता हसून बोलला, तरी त्यांना दुधात पाणी दिसायचं. मामी होती तोवर "अहो, पुरे आता" म्हणून आवरायची. ती गेली आणि त्यांच्या संशयाला रान मोकळं झालं.

घरी एकट्यापुरतं शिजवून बघितलं, हात भाजून घेतला, आणि शेवटी मामा गल्लीच्या टोकाच्या रामेनच्या, म्हणजे जपानी पद्धतीच्या रस्सा-नूडल्सच्या, दुकानात दुपारचं जेवू लागले. दुकान कसलं, एक लांबट खोली. जेवायला फळी, पुढे उंच स्टुलं, पलीकडे भल्या मोठ्या पातेल्यात रटरटणारा हाडांचा रस्सा. मालकीणबाई एकटीच राबायची. वाफाळत्या वाडग्यात नूडल्स, वर अर्धं अंडं, कांद्याची पात. स्वस्त आणि पोटभर. टॅक्सीवाल्यांपासून शाळेतल्या बाईंपर्यंत सगळे तिथेच.

"काहीतरी गोम आहे," मामा मला म्हणाले. "बाकीच्यांपुढे वाडगा ठेवते आणि वळते. माझ्यापुढे मात्र उभी राहते. पहिला घोट घेईपर्यंत हलत नाही."

"तुम्ही म्हातारे, एकटे. काळजी वाटत असेल."

"काळजी? मी कोपऱ्यात बसलो, तिथेही आली. पेपर आड धरला, तर मान वाकडी करून बघते! मी तोंड वाकडं केलं की जाऊन पातेल्यात काहीतरी टाकते."

"मीठ असेल, मामा."

"मग स्वतः चाखून का टाकत नाही? तिनं आपल्या हातचं काही तोंडात घातलेलं मी एकदाही पाहिलं नाही. स्वतः खात नाही ते लोकांना वाढते!"

मी हसले खरी, पण माझ्याही मनात पाल चुकचुकली. एका दुपारी त्यांच्याबरोबर गेले. मामा म्हणाले तसंच होतं. बाई पदार्थाकडे नाही, मामांच्या तोंडाकडे बघत होती.

ती पाठमोरी झाल्याबरोबर मामांनी फळीवरची व्हिनेगरची बाटली उचलली आणि वाडग्यात चांगली अर्धी रिकामी केली.

"हे काय करताय?"

"गप्प बस. तिनं नुसतं ओठाला लावायचं नाटक केलं, तर चेहरा हलणार नाही. खरंच प्यायली, तर तोंड वाकडं होईल."

बाई आली. मामांनी वाडगा तिच्याकडे सरकवला. "आज चव बघा जरा."

शेजारचा टॅक्सीवाला खायचा थांबला. बाईने चमचा उचलला, एक घोट घेतला, मग दुसरा. गळ्यातून रस्सा उतरताना मला स्पष्ट दिसला. चेहऱ्यावर मात्र सुरकुतीसुद्धा हलली नाही.

"ठीक आहे की," ती म्हणाली.

मामांचं तोंड उघडंच राहिलं. हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही असं ते म्हणाले, "बाई, अर्धी बाटली व्हिनेगर आहे यात."

तिचा हात चमच्यासकट थांबला. "गर्दी जाऊ दे," एवढंच ती पुटपुटली.

दुकान रिकामं झाल्यावर तिने सांगितलं. मागे मोठं आजारपण आलं, त्यात चव गेली, वासही गेला. "रांधणारीला चव कळत नाही म्हटल्यावर कोण येईल इथे? बाकीचे भिडेखातर छान म्हणतात. तुम्हाला काही लपवता येत नाही. आळणी झालं की तुमची भुवई चढते, खारट झालं की नाक."

"मग मला सरळ विचारायचं!"

"तुम्ही माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होता, त्या नजरेला काय विचारणार?"

जन्मभर लोकांचे चेहरे वाचलेला माणूस पहिल्यांदाच ओशाळलेला मी पाहिला.

दुसऱ्या दिवसापासून मामा दुकान उघडण्याआधीच हजर व्हायला लागले. रस्सा चाखायचे, मीठ सांगायचे. हाडं घेऊन येणाऱ्या खाटकाला दारातच अडवून पिशवीत नाक खुपसायचे. एकदा माल वास मारत होता, तो त्यांनी परत पाठवला. खाटकाने शिव्या हासडल्या, मामा जागचे हलले नाहीत. बाईचं गुपित त्यांनी आजवर कुणाकडे फोडलेलं नाही.

परवा ती म्हणाली, कांदा परतताना जरासा वास आल्यासारखं वाटतंय. मामांना आनंद झाला. पण माझ्याकडे आले आणि विचारू लागले.

"खरंच येत असेल ना गं? की आता मी नको झालोय तिला?"

"मला काय विचारता? जाऊन तिलाच विचारा."

त्यांनी थोडा वेळ विचार केला, चपला घातल्या आणि विचारायला गेले.