कडू लागलं की थुंकायचं

मी चौथीपर्यंत शिकलो, तरी माझ्या घरात माझाच शब्द चालतो. तो बरोबर असतो म्हणून चालतो. नातीला चालता यायला लागलं तेव्हा मी तिला पहिली गोष्ट शिकवली ती हीच. कडू लागलं की थुंकायचं. कोणी दिलेलं असो, कुठल्या बाटलीतलं असो, गिळायचं नाही.

आमचा कापसाचा गाव, अमळनेरपासून जवळच. इथं फवारणी झाली की उरलेलं औषध लोक थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ओततात आणि घरात कुठंतरी कोनाड्यात ठेवून देतात. शेजारच्या घरी असंच ठेवलं होतं. त्यांच्या पोरानं सरबत समजून तोंडाला लावलं. त्याला गाडीत घालून धुळ्याला नेलं, मी सोबत होतो, त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. जाताना वाटेत तो बोलत होता. परत येताना बोलला नाही.

त्यानंतर मी कडुनिंबाचा पाला वाटला, त्याचं पाणी तसल्याच बाटलीत भरलं आणि नातीला एक घोट दिला. तिनं तोंड वाकडं केलं. मी ओरडलो, "थुक!" ती थुंकली. मग दर थोड्या दिवसांनी पुन्हा. शेवटी तिला तो खेळच झाला. कारल्याची फोड तोंडात गेली तरी अंगणात पळत जाऊन थुंकायची आणि माझ्याकडे बघायची, शाबासकीसाठी. सून म्हणायची, "आबा, पोर भाजी खात नाही." मी म्हणायचो, नको खाऊ दे. जिवंत राहील.

गेल्या हिवाळ्यात ती चार वर्षांची असताना तिच्या छातीत कफ धरला. ताप उतरेना. अमळनेरच्या लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन बाटल्या दिल्या. तापाची नारिंगी, गोड. ती तिनं चाटून पुसून घेतली, वर अजून मागितली. दुसरी पांढऱ्या भुकटीची, उकळून गार केलेलं पाणी घालून हलवायची. वास केळ्याचा आणि मागून चव जहर कडू. खरं काम त्या दुसऱ्या बाटलीचं होतं.

पहिला चमचा तोंडात गेला आणि पोर अंथरुणातून उठून, तापानं लटपटत, दारापर्यंत गेली आणि थुंकली. मग माझ्याकडे बघितलं.

सुनेनं ते दुधात घातलं. एक घोट घेतला आणि तिनं दूध सोडलं. केळं कुस्करून त्यात घातलं, तर केळंही सोडलं. आता ती काहीच खाईना. डोळे खोल गेले, बरगड्या श्वासाबरोबर आत ओढल्या जायला लागल्या. माझी म्हातारी म्हणाली, आपली पोरं आपण नाक दाबून वाढवली. तिनं पोर मांडीवर आडवी घेतली, नाक दाबलं, चमचा ओतला. पोरीला ठसका लागला. श्वासच मिळेना. ओठ निळसर झाले. मी तिला हिसकावून उलटं धरलं तेव्हा सगळं बाहेर आलं आणि ती रडली. ते रडणं ऐकून मी तिची पाठ चोळत खाली बसलो.

"तुम्हीच शिकाडं ना तिले," म्हातारी म्हणाली. तिनं चमचा माझ्या हातात दिला. "आते तुम्हीच पाजा."

"मी काय वाईट शिकाडं का?"

"मी कोठे वाईट म्हनी ऱ्हायनू? पाजा म्हनी ऱ्हायनू."

सकाळीच तिला मोटारसायकलवर मधे धरून पुन्हा अमळनेरला नेलं. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं. "आबा, आजचं औषध पोटात टिकलं नाही तर धुळ्याला न्यावं लागेल. सुईतून द्यावं लागेल."

धुळं म्हटल्यावर मला ते मांडीवरचं डोकं आठवलं.

बाई म्हणाल्या, आधी गारेगार चोखायला द्या, जीभ बधिर होते. मग बिनसुईच्या पिचकारीनं गालाच्या आतून थोडं थोडं सोडा. वरून गुळाचा खडा. मी म्हणालो, "छातीत कफ आणि वर बर्फ? बाई, मी शिकलो नाही, पण इतकं कळतं."

"कफ बर्फानं होत नाही, आबा. आणि गोड आहे म्हणून खोटं सांगू नका. एकदा फसली की तोंड उघडणार नाही."

ते पटलं. खोटं तर मी तिच्याशी कधी बोललोच नव्हतो.

घरी येऊन गारेगार दिलं, तिनं चोखलं. पिचकारी दिसताच दात आवळले. सून रडायला लागली. मला कळलं, हे तोंड माझ्याच सांगण्यावरून बंद आहे, ते माझ्याशिवाय कोणी उघडणार नाही. आणि उघडलं तर पुन्हा बंद करता येईल का, हेही मला कळेना.

मी पिचकारीतले थेंब माझ्याच जिभेवर सोडले.

"आबा, कडू शे!" ती किंचाळली. "थुकी टाक! आबा, थुकी टाक!"

मी गिळलं. तोंड उघडून रिकामी जीभ दाखवली. ती माझ्या मांडीवर चढली आणि छातीवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मी मरतो का, ते बघत होती. शेजारच्या पोराचं तिला कोणी सांगितलं होतं, देव जाणे. सून रडायची थांबली. शेवटी पोरीनं विचारलं, "तुले काही व्हत नही?"

"नही."

तिनं तोंड उघडलं. गालातून थोडं, मग थोडं, मग गूळ. टिकलं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. धुळ्याला जावं लागलं नाही.

बरी झाल्यावर मी तिला पुन्हा बसवून सांगितलं. आबाच्या हातचंच कडू गिळायचं, बाकी सगळं थुंकायचं. ती "हा" म्हणाली. पण पोराच्या "हा"चा भरवसा काय? त्याच दिवशी मी फवारणीच्या सगळ्या बाटल्या घरातून काढून शेतातल्या खोलीत नेल्या, कुलूप लावलं, किल्ली करगोट्याला बांधली. मुलगा हसला, "आबा, रिकाम्या बाटल्याबी कुलपात?" हो, रिकाम्याही.

परवा जेवताना नातीनं कारल्याची भाजी खाल्ली. तोंड वाकडं केलं, पण गिळली. "पहा आबा, गिळनू!" सून खूश, म्हातारी खूश, मुलानं तिची पाठ थोपटली. मी पण शाबास म्हणालो. मग ताटावरून उठलो, हात धुतला न धुतला आणि शेताकडे निघालो. कुलूप दोनदा ओढून पाहिलं.